केरू भावजींचा बिल्ला

आमच्या वाडीतल्या पुरुषांना मुंबईत काय करता असं विचारलं तर एका शब्दात उत्तर येतं. गिरणीत. गोदीत. हॉटेलात. माझे धाकटे दीर केरू भावजी यांना मात्र असा एक शब्द कधी सापडला नाही. "तुर्भ्याला असतो," एवढंच ते सांगायचे. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायचे, "गोळ्या करतो."

त्यावरून वाडीत त्यांची थट्टा कायमची. शेजारच्या ठमाबाई एकदा गणपतीत त्यांच्यापुढं येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "केरू, खोकल्यावरची हाय काय रे एखादी? सरकारी म्हंजे फुकट असंल."

"काकी, त्या गोळीनं खोकला जाईल, पन तुमी पन जाल."

"मग काकांना दे. त्यांचा पन खोकला लय हाय."

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा भावजी आठवीत होते. अभ्यासात बेताचे, पण हात फार स्वच्छ. काही नाजूक काम असलं की सासरे त्यांनाच हाक मारायचे. आमच्या घराकडे पालखीपुढच्या बत्तीचा मान आहे. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते तेव्हा तिच्यापुढं आमच्या घरचा माणूस गॅसबत्ती धरून चालतो. पालखी नाचते, माणसं ढकलाढकली करतात, बत्तीला हिसके बसतात. आणि बत्तीतलं मेंटल, म्हणजे ती जाळीची लहानशी पिशवी जी तापून पांढरा उजेड देते, ती एकदा पेटवली की नुसती राखेची राहते. जरा धक्का लागला की गळून पडते. म्हणून मेंटलं पुष्कळ लागतात. सासरे गेल्यावर बत्ती भावजींकडे आली. पुढं ते नोकरीला लागले तेव्हापासून तीन वाड्यांची वर्षभराची मेंटलं तेच शिमग्याला येताना मुंबईहून खोक्यानं आणायचे. शिमगा, मेमधली लग्नं, गणपती, सगळं त्यात भागायचं.

रत्नागिरीच्या आयटीआयमधून फिटर होऊन ते तुर्भ्याला अणुशक्तीच्या कामावर लागले. तिथं त्यांचं काम थोरियमच्या गोळ्यांचं. थोरियम ही एक धातूची जात. तिची पांढरी पूड साच्यात दाबून गोळी करायची, ती भट्टीत भाजायची, घासून अगदी मापात आणायची आणि एकावर एक अशी नळीत भरायची. पूड अंगावर उडू नये म्हणून काचेच्या बंद पेटीत रबरी हातमोज्यांतून हात घालून काम करायचं. हे मला कळलं ते एका मे महिन्यात, आम्ही चुलीवरच्या माळ्यावर पावसाळ्याची लाकडं रचत होतो तेव्हा. मी खालून एकेक लाकूड देत होते. मी विचारलं, "भावजी, त्या गोळ्यांचं पुढं होतं तरी काय?"

ते माळ्यावरून खाली डोकावले. "वयनी, युरेनियम म्हंजे सुकं लाकूड. काडी लावली की पेटतं. पन ते आपल्या देशात थोडं. थोरियम हे ओलं लाकूड. केरळच्या वाळूत ढीगभर पडलंय. नुसतं चुलीत घातलंत तर पेटायचं नाय. पन पेटत्या चुलीच्या वर असं माळ्यावर ठेवलंत तर?"

"सुकेल."

"सुकेल, आनि मग तेच जळन. आमच्या गोळ्या तशाच अणुभट्टीत ठेवतात. महिनोन् महिने. मग त्यातल्या थोड्याचं निराळ्या जातीचं युरेनियम व्हतं. ते जळतं. त्याच्यावर वीज."

"मग आपल्या वाडीत कधी येणार ती वीज?"

"मी म्हातारा व्हईस्तोवर तरी नाय. सगळं अजून प्रयोगात हाय. पन गोळी कुनीतरी नीट दाबायला पायजे ना आतापासून?"

हे सांगताना त्यांचा चेहरा मला फार आवडला. आमच्या घरातला माणूस असं काही करतो, हे मी त्या दिवशी देवाजवळ दिवा लावताना मनात बोलले.

त्यांच्या कामावर एक बिल्ला असायचा. काडेपेटीएवढा, आत फोटोच्या फिल्मसारखा तुकडा. कामाच्या वेळी तो छातीवर लावायचा. किरण लागले की फिल्म काळी पडते. महिना संपला की फिल्म धुऊन बघायची आणि कुणाला किती किरण लागले ते लिहून ठेवायचं. घरी जाताना बिल्ला फाटकाजवळच्या फळीवर आपापल्या नंबरच्या खिळ्याला अडकवायचा. तो घरी न्यायचा नाही, हा तिथला पहिला नियम. भावजींचा खिळा कधी रिकामा नसायचा.

एकदाच राहिला. ब्याऐंशी सालच्या शिमग्याला.

रत्नागिरीची एसटी चुकेल म्हणून त्यांनी घाईघाईत कपडे बदलले आणि कामाच्या कपड्यावरचा बिल्ला काढून सवयीनं आपल्या निळ्या शर्टाच्या खिशात टाकला. घरी येऊन शर्ट काढला तेव्हा तो हाताला लागला. आता काय करणार? परत जाताना न्यावा म्हणून त्यांनी तो खिशातच राहू दिला, शर्ट पडवीतल्या खुंटीला लावला आणि कुणाला काही बोलले नाहीत. पुढचे आठ दिवस पालखीचे. त्यातच राहीला, म्हणजे भावजींच्या बायकोला, लग्नानंतर सहा वर्षांनी पहिल्यांदा दिवस राहिले होते. चौथा महिना. घरात नुसता आनंद. निघायच्या दिवशी भावजी दुसराच शर्ट घालून गेले.

आठ दिवसांनी माझ्या नावानं कार्ड आलं. घरात वाचणारी मीच, सातवीपर्यंत शिकलेली. "निळ्या शर्टाच्या खिशात माझा बिल्ला आहे. येणाऱ्या माणसाबरोबर पाठवा. कुणाला बोलू नये." खुंटीला शर्ट नव्हता. मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "व्हय, माज्याकडं हाय. जपून ठेवलाय." मुंबईला जाणारा भिकाजी मिळाला तो पार चैत्राच्या शेवटी. सासूबाईंनी बिल्ला फडक्यात बांधून त्याच्या हातात दिला. मी काही जास्त विचारलं नाही.

मे महिन्याच्या मध्यात एका सकाळी भावजी अचानक दारात उभे.

त्या साली मुंबईत गिरण्यांचा संप चाललेला. अर्धी वाडी घरी येऊन बसलेली. त्यामुळं सगळ्यांना वाटलं, यांच्याकडेही तेच. पाणंदीतून जाताना गिरणीतल्या विठूनं हाक मारली, "केरू, तुमच्या गोळ्यांचा पन संप काय रे?"

"व्हय. तसंच कायतरी," म्हणाले आणि खाली बघून चालू लागले.

ते घरात आलेच नाहीत. गोठ्याच्या बाजूला पेंढा ठेवायची खोप आहे, तिथं त्यांनी आपली वळकटी टाकली. उकडतं म्हणाले. जेवायला वेगळी पितळी घेतली आणि ती स्वतःच घासून खोपीत नेऊन ठेवली. राही पाण्याचा तांब्या घेऊन गेली तर म्हणाले, "तिथंच ठेव. लांब हो." असं चार दिवस. राहीचा सहावा महिना सरत आलेला. ती माझ्याजवळ येऊन बसली, हुंदका नाही की काही नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी.

ठमाबाईंना हे कळायला किती वेळ? त्या कुंपणापलीकडूनच म्हणाल्या, "मुंबईत दुसरी केलान असंल. बापयांचं तसंच असतं."

सासूबाई म्हणजे यमुनाबाई, सहजासहजी कुणाचं ऐकून घेणाऱ्या नव्हेत. त्या म्हणाल्या, "ठमे, माज्या केरूला एक सांभाळताना घाम फुटतो. दुसरी कुठनं करतोय तो?" पण आत आल्यावर त्यांचाही चेहरा उतरलेला होता.

पाचव्या दिवशी जे झालं त्यानं मात्र घर हादरलं. राही पडवीत बसून बाळाची दुपटी शिवत होती. आमच्याकडे बाळाच्या पहिल्या दुपट्यात बापाचं जुनं कापड घालतात, नव्या जिवाला बापाची ऊब मिळावी म्हणून. तिनं भावजींचा तो निळा शर्ट फाडून त्याची चौकट दुपट्याच्या मधोमध लावली होती. भावजी अंगणातून चालले होते. त्यांची नजर त्या निळ्या कापडावर पडली आणि ते धावत पडवीत चढले. तिच्या मांडीवरचं दुपटं त्यांनी हिसकावून घेतलं, सुई तिच्या बोटात घुसली.

"हा शर्ट कुनी धुतलान?" ते ओरडले.

"मी धुतला," राही म्हणाली. "का?"

"हातानं?"

"मग काय पायानं धुवू?"

ते तसेच दुपटं घेऊन परसात गेले आणि कुदळीनं खड्डा खणून त्यांनी ते पुरून टाकलं. बाळाचं दुपटं मातीत पुरलेलं बघून राही मटकन खाली बसली. त्याच्यासारखा अपशकुन नाही. सासूबाईंनी तिला धरलं. मला त्या म्हणाल्या, "जा गो तू. तुझ्याशी बोलंल तो."

मी मनात देवाचं नाव घेतलं आणि पेजेचं भांडं घेऊन परसाच्या टोकाला गेले. भावजी गडगा नीट करत होते, ढासळलेले जांभ्याचे दगड उचलून परत रचत होते. मी भांडं खाली ठेवलं. म्हटलं, "भावजी, मी इथून हलणार नाही. दुसरी बाई आहे का?"

त्यांच्या हातातला दगड पडला. "काय? कुनी सांगितलान?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? बायकोला लांब हो म्हणता, तिच्या मांडीवरचं दुपटं पुरता. माणसानं काय समजायचं?"

ते दगडावर बसले. मग सगळं बाहेर आलं.

भिकाजीनं बिल्ला पोचवला. भावजींनी कामावर सांगितलं होतं की बिल्ला कपडे बदलायच्या खोलीत कपाटामागं पडला असेल. आता तो 'सापडला' म्हणून त्यांनी देऊन टाकला. फिल्म धुतली तर ती काळी! वर्षभरात लागत नाहीत इतके किरण त्या एका बिल्ल्याला. मोठी गडबड झाली. गोळ्यांची खोली बंद केली. भावजी आणि त्यांचे दोघे जोडीदार, तिघांनाही कामावरून बाजूला बसवलं. लघवी तपासायला घेतली, रक्त घेतलं, कुठं गळती आहे का म्हणून पेट्या तपासल्या. अहवाल यायला वेळ होता, तोवर घरी जा म्हणाले.

"बिल्ला तर इथं खुंटीला व्हता, वयनी. इथं किरण कुठनं येनार? म्हंजे निघायच्या दिवशीच कायतरी झालं. माझ्या हातमोज्याला भोक पडलं असंल. पूड अंगावर आली असंल, शर्टाला लागली असंल. भायेर पडताना हातपाय तपासायचं यंत्र हाय, त्यात मी हात घातले, ते गप्प व्हतं. पन एसटीच्या घाईत नीट घातले काय? आता आठवत नाय. आनि तो शर्ट तिनं हातानं चोळून धुतलान. पोटाशी धरून. चौथा महिना व्हता तिचा." त्यांनी आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. "मला बाधलं तर बाधू दे. तिच्या पोटातल्याला मी घरात आनून विष दिलं, वयनी."

मला किरणांतलं काय कळतं? पण राहीचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढं आला. सहा वर्षं त्या पोरीनं सगळ्यांची बोलणी ऐकली होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले, "पण भावजी, बिल्ला खुंटीला नव्हता."

"म्हंजे?"

"शर्ट राहीनं धुवायला घेतला. तुमचं कार्ड आलं तेव्हा बिल्ला आईंजवळ होता."

ते उठले. "आयेजवळ कुठं?"

आम्ही दोघं घरात आलो. म्हणजे मी आत आणि ते उंबऱ्याबाहेर. सासूबाई राहीच्या बोटाला हळद लावत होत्या. भावजींनी बाहेरूनच विचारलं, "आये, माझा बिल्ला तू कुठं ठेवला व्हतास?"

"आता बिल्ल्याचं काय काढलंस रे, मेल्या? पोरीचं बोट बघ आदी."

"आये, सांग. कधी घेतलास, कुठं ठेवलास?"

"तू आलास त्याच्या दुसऱ्या दिवशी. हिनं शर्ट धुवायला काढलान, खिशात गावला म्हनून माझ्या हातात दिलान. सरकारी वस्तू. पोरं खेळायला नेतील, उंदीर नेतील. म्हनून मी मेंटलांच्या डब्यात ठेवला."

"कुठल्या?"

"कुठल्या म्हंजे? तू आनतोस त्या. तो पत्र्याचा बिस्किटांचा डबा, त्याला दमट लागत नाय, उंदीर लागत नाय. पाकिटं मऊ, म्हनून बरोबर मधोमध घातला. खाली मेंटलं, वर मेंटलं. कापसात ठेवावा तसा. भिकाजी जाईस्तोवर तिथंच व्हता. एवढा जपला, त्याचं तुला काय?"

भावजी उंबऱ्याला धरून उभे होते. त्यांच्या तोंडातून एक आवाज आला, तो हसण्याचा की रडण्याचा ते आम्हाला कळेना. मग ते उंबऱ्यावरच बसले आणि दोन्ही हातांनी कपाळ बडवून घेऊ लागले. "थोरियम! आये गो, थोरियमच! मेंटलात थोरियमच असतं!"

"काय बरळतोस?"

"मेंटल पांढरं जळतं ते कशानं? ती जाळी थोरियमच्या पान्यात बुडवलेली असते. थोरियमपासून एक मीठ करतात, मेंटलवाले तेच वापरतात. मला म्हायत हाय, माझ्या खोलीतल्या पोरापोराला म्हायत हाय, आनि माझ्या डोक्यात आलं नाय. बारा डझन मेंटलांच्या मधोमध तू माझी फिल्म सव्वा महिना दाबून ठेवलीस!"

घरात एकदम सगळे बोलायला लागले. सासूबाईंना वाटलं आपल्यावर आळ येतोय. "म्हंजे तुझ्या डब्यात विष हाय आनि मी त्याला हात लावते? चाळीस वर्सं ती बत्ती आमच्या घरात जळते!"

"विष नाय गो. एका मेंटलात चिमूटभर पन नाय. चाळीस वर्सांत कुनाला काय झालं? पन फिल्म लय नाजूक. रात्रंदिवस चिकटून ठेवली, बारा डझनांच्या मधे, तर काळी पडनारच." मग ते म्हणाले, "फुटलेल्या मेंटलाची राख तेवढी फुंकायची नाय, हात धुवायचे. हे मात्र मी तुमाला आधीच सांगायला पायजे व्हतं."

राही उंबऱ्याकडं वळली. ती म्हणाली, "म्हंजे शर्टात काय नव्हतं?"

"नाय."

"माझ्या पोटात?"

"नाय गो. काय नाय."

तिनं हळदीचं बोट तसंच वर धरलं होतं. ती म्हणाली, "मग आता आत या."

ते आत आले.

पण गोष्ट इथं मिटत नव्हती. आमचे हे, म्हणजे भावजींचे थोरले भाऊ, शेतातून आले तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे तू म्हनतोस. तिथं कोन म्हननार? फिल्म मेंटलांनी काळी झाली हे तुज्या सायबाला कसं कळंल?"

"सांगायला लागंल."

"काय सांगशील?"

तेव्हा भावजींच्या ध्यानात आलं. सांगायचं म्हणजे बिल्ला घरी नेला हे सांगायचं. आणि कपाटामागं पडला होता हे खोटं होतं, हेही सांगायचं. नोकरी सरकारी, पण अशा जागी खोटं बोलणाऱ्याला कोण ठेवणार? आणि त्या साली नोकरी गेलेली माणसं वाडीत दर दुसऱ्या घरी बसलेली. ते म्हणाले, "अहवाल येतील. त्यात माझ्या अंगात काय नाय हे निघंलच. मग आपोआप मिटंल."

राही म्हणाली, "आनि ती दोघं?"

"कोन दोघं?"

"तुमचे जोडीदार. त्यांच्या बायका पन आता असंच लांब बसून पानी देत असतील काय?"

भावजींनी मान खाली घातली. त्यांचा एक जोडीदार नुकताच लग्न झालेला होता, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं ते निघाले. डबा बरोबर घेतला, मेंटलं होती तशीच, म्हणजे उरली होती ती नऊ डझन. सासूबाईंनी शेवटच्या क्षणी डब्याला हात घातला. "एक डझन काढून ठेव. बाबल्याचं लगीन हाय मंगळवारी."

"आये, हा पुरावा हाय."

"आठ डझनाचा पुरावा पुरत नाय काय तुमच्या सायबाला?"

एक डझन निघालं.

मग दिवस सरेनात. पाऊस लागला, भाताची पेरणी झाली. पोस्टमन वाडीवर येताना दिसला की राही सोप्यात येऊन उभी राहायची, पण पुढं जायची नाही. मी रोज दिवा लावताना देवाला गाऱ्हाणं घालत होते. नवस बोलले नाही. एवढंच म्हणत होते की, बाबा, तू बघतो आहेस ना, तो सांगायला गेला आहे. माझं गाऱ्हाणं तेवढंच.

जूनच्या अखेरीला पाकीट आलं. कार्ड नव्हे, पाकीट. सगळे चुलीजवळ बसले. मी मोठ्यानं वाचलं.

"ति. स्व. आईस आणि दादा-वहिनीस केरूचा सा. न. मी सुखरूप आहे. साहेबांना सर्व खरं सांगितलं. ते फार चिडले. म्हणाले, तुझ्यामुळं आम्ही तीन आठवडे नसलेली गळती शोधतोय. मग मी डबा उघडून दाखवला. त्यांनी मोजायचं यंत्र डब्याजवळ नेलं तर ते कटकट वाजू लागलं. नवीन फिल्मचा बिल्ला आईनं ठेवला तसाच मधोमध ठेवून डबा बंद करून ठेवला आहे. पण ती फिल्म धुऊन बघेपर्यंत थांबायची गरज लागली नाही. साहेबांनी जुनी फिल्म पुन्हा काढून दिव्यापुढं धरली. ते म्हणाले, मला पहिल्यापासून एक कोडं होतं. माणूस बिल्ला अंगावर लावतो तेव्हा किरण पुढच्या बाजूनं येतात. ही फिल्म पुढून आणि मागून सारखीच काळी आहे. आणि काळेपणात घडी घातलेल्या कापडासारख्या रेघा आहेत. मी म्हटलं, साहेब, ती मेंटलांची घडी. ते बराच वेळ बघत राहिले आणि हसले."

इथं सासूबाई म्हणाल्या, "हसला ना? मग बस."

"आई, पुढं ऐका. 'रक्त, लघवी, सर्व तपासण्या आल्या. माझ्या अंगात काही नाही. दोघे जोडीदार सोमवारपासून कामावर आले. मला लेखी समज दिली आहे आणि तीन महिने गोळ्यांच्या खोलीत जायचं नाही, भांडारात काम. नोकरी आहे. साहेब म्हणाले, खोटं बोललास त्याची ही शिक्षा, आणि परत येऊन सांगितलंस म्हणून एवढीच.'"

मी थांबले. राही म्हणाली, "वयनी, ते परत वाचा."

"कुठलं?"

"अंगात काय नाय ते."

मी वाचलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा ती भिंतीला टेकली, डोळे मिटले आणि एवढा मोठा श्वास सोडला की चुलीतली राख उडाली. सासूबाई म्हणाल्या, "बाय माझी, तू एवढा श्वास कुठं कोंडून ठेवला व्हतास?" आणि मग आम्ही तिघी बायका हसायला लागलो. थांबताच येईना. आमच्या ह्यांना वाटलं, यांना काय झालं. त्या दुपारी राहीनं सुकटीच्या कालवणाशी तीन वेळा भात घेतला. महिन्याभरात ती कधी पोटभर जेवली नव्हती.

श्रावणात तिला मुलगी झाली. सुईण भागूबाई म्हणाली, दणदणीत आहे, आवाज पार वरच्या वाडीत गेला. भावजींना गणपतीतच रजा मिळाली. संध्याकाळच्या एसटीनं आले, अंगणात पाय धुतले, हात धुतले. मग पुन्हा धुतले. तिथली सवय. पडवीत राही मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. भावजी जवळ जाऊन उभे राहिले, हात पुढं केले आणि मागं घेतले.

"घेऊ?" त्यांनी विचारलं.

"विचारता काय?" राही म्हणाली. "मान धरा नीट, एवढंच."

त्यांनी मुलीला उचललं. गोळ्या उचलतात तसं, अगदी बेतानं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, छातीशी घट्ट धरलं, आणि ती पोर जोरात रडायला लागली तरी सोडेनात.